दहा वर्षांनी वाढलेली गल्ली

टेबलावर दादाचा चष्मा होता. दादा नव्हता.

गणिताच्या तासाला भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या बाई, पण भाऊ रात्रभर घरी आला नाही म्हटल्यावर त्यांचीच पाचावर धारण बसली होती. सकाळी हवालदारांना घेऊन त्या तडक दादाच्या कचेरीत आल्या.

जनगणनेच्या जुन्या नोंदींवरून कुठली वस्ती वाढली, कुठली उठली, हे शोधणं दादाचं काम. सध्या त्याच्याकडे विहिरीची गल्ली होती. कित्येक वर्षं बंद पडलेली तिथली विहीर नगरपालिका येत्या सोमवारी पुन्हा सुरू करणार होती. गल्ली ओस का पडली, याचा अहवाल आज द्यायचा होता.

"पाच वाजता गेले ते," रेकॉर्डकीपर म्हणाले. निवृत्तीला दोन महिने उरलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. "मीच कुलूप लावलं."

"चष्मा विसरून?" हवालदारांनी विचारलं.

"विसरतात माणसं."

बाईंनी चष्मा डोळ्यांना लावून पाहिला. लांबचं पाहायचा होता. वाचायचा कुठेच दिसेना.

शेजारी दादाची वही उघडी होती. पानावर कालची तारीख. दुसऱ्या मोजणीच्या रजिस्टरातून उतरवलेली नावं, समोर दोन रकाने: पहिल्या मोजणीतलं वय आणि दहा वर्षांनंतरचं. चौतीसचे चव्वेचाळीस. सातचे सतरा. एकसष्टचे एकाहत्तर. दोनशे तेरा माणसं, दोन्ही वेळा तीच. तिसऱ्या मोजणीत शून्य. खाली दादाने लिहिलं होतं: 'सही कुणाची?'

"काका, घरोघर जाऊन मोजणाऱ्याची सही रजिस्टरवर असते ना?"

"असते. पण ते रजिस्टर तीन दिवस धुरीच्या खोलीत आहे. कसर लागली होती."

"तुम्ही होतात तेव्हा नोकरीत?"

"छे! मी नंतर लागलो."

"कुठे आहे ती खोली?"

बोळाच्या टोकाला लोखंडी दार होतं. कडांना रबर, आणि वर पाटी: 'विषारी धुरी चालू. उघडू नये.' बाईंनी दारावर मुठी आपटल्या. आतून काहीच नाही.

"बाई, गॅस असेल," हवालदार मागे सरकले.

"किल्ली द्या, काका."

"जीव जाईल तुमचा."

बाईंनी रेकॉर्डकीपरच्या कमरेचा जुडगा ओढून घेतला, पदर नाकाशी धरला आणि दार उघडलं.

वास नव्हता. फक्त कोंदट हवा, आणि कपाटांच्या मध्ये वाचायचा चष्मा लावून पडलेला दादा. छाती हलत होती.

त्याला बोळात आणून पाणी पाजलं. बाईंना रडू फुटलं, रागही आला.

"तुम्हाला कसं कळलं?" हवालदारांनी विचारलं.

"वाचायचा चष्मा लावून दादा रस्त्यावर जातच नाही, धडपडतो. म्हणजे तो कचेरीतच कुठेतरी वाचायला गेला होता. काका म्हणाले, रजिस्टर तीन दिवस धुरीत आहे. मग दादाने काल ते उतरवलं कसं? म्हणजे धुरी खोटी, पाटीही खोटी."

"आणि सही?"

"माणसं वय अंदाजे सांगतात हो. आमची आई एका मोजणीत चाळीस होती, पुढच्या मोजणीत पंचेचाळीस! दोनशे तेरा जणांचं वय बरोब्बर दहाने वाढतं? दहा वर्षांत कुणी मरत नाही, जन्मत नाही, कुणाचं लग्न होत नाही? मोजणारा गल्लीत गेलाच नाही. जुनं रजिस्टर पुढे घेऊन त्याने बेरजा केल्या. हे झाकायची गरज आज कुणाला? काका, दाखवा रजिस्टर."

रेकॉर्डकीपर भिंतीला टेकून खाली बसले.

"सही यांचीच आहे," दादा क्षीण आवाजात म्हणाला. "मी ओळखली. 'मोजणीच्या मूळ चिठ्ठ्या आत आहेत, या' म्हणाले, आणि दार लावलं."

"मारायचं नव्हतं हो," रेकॉर्डकीपर पुटपुटले. "गॅस सोडायचा धीर झाला नाही. दार उघडायचाही झाला नाही. मी बावीस वर्षांचा होतो. विहिरीच्या पाण्याने गल्लीत साथ आली होती. गल्लीच्या तोंडाशी गेलो, पुढे पाऊल टाकवेना."

"आणि कागदावर सगळे ठणठणीत," बाई म्हणाल्या. "मग मदतीला जाणार कोण? अन् सोमवारी तेच पाणी लोकांच्या घरात गेलं असतं."

दादा भिंत धरून उठला. "तुम्ही गेलात तेव्हा गल्लीत कुणी होतं?"

"हाका मारत होते."

"किती जण?"



"मोजले नाहीत," रेकॉर्डकीपर म्हणाले.