पेन्सिलीतली घरं
दुपारी बाराचे ठोके पडले की डीकन सटल्स घरून आणलेल्या कॉर्नब्रेडचे, म्हणजे मक्याच्या पावाचे, दोन तुकडे करायचे आणि एक माझ्यापुढे सरकवायचे. आमच्या चर्चची व्यवस्था पाहणारे ते डीकन, आणि अलाबामातल्या आमच्या छोट्याशा कॉलेजचे ग्रंथपालही. एकोणीस वर्षं मी त्यांच्या ग्रंथालयाच्या तळघरात बसत होते.

"सिस्टर ओडेसा, खालच्या उंदरांना डॉक्टरेट मिळेल, पण तुझं काही संपायचं नाही," ते म्हणायचे.

मी लुव्हिनिया टॅगर्टला शोधत होते. १९०३ साली तिने कापसाच्या वखारीमागची आम्हा काळ्या लोकांची दोनशे बारा घरं एकटीने पायी पालथी घातली. माणसं किती, कमावतं कोण, शाळेत कोण जातं. पुस्तक मात्र एका गोऱ्या प्राध्यापकाच्या नावावर निघालं. आता समाजशास्त्राचा नवा इतिहास छापला जात होता. संपादकांनी कळवलं होतं, सोमवारपर्यंत तिच्या हातची घरोघरच्या नोंदींची कार्डं दाखवा, नाहीतर तिचं नाव गाळू.

शुक्रवारी सकाळी बॉयलरमागे त्या कार्डांची पेटी सापडली. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

झाकणाच्या आत तिने आपला नियम लिहिला होता. पहिल्या फेरीत पेन्सिल. दुसऱ्या फेरीत त्या माणसाबद्दल दुसऱ्या कुणी खात्री दिली, तरच शाई. दुसरी फेरी झालीच नसावी; दोनशे बाराही कार्डं पेन्सिलीतच राहिली होती.

पहिल्या कार्डावर होतं, 'धोबीण, विधवा, पाच मुलं.' मी हात धुऊन आले तर तिथे फक्त 'पाच मुलं' उरलं होतं. बघता बघता तेही गेलं. दुसरं कार्ड फिकट होऊ लागलं.

अस्सल कागदावर पेन टेकवायचं नसतं, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत आले. तरी मी पेन उघडलं. जे अक्षर शाईने गिरवलं, ते टिकलं. शुक्रवारभर गिरवलं, शनिवारी सकाळी पुन्हा बसले. ग्रंथालयाच्या दारातल्या हजेरीवहीत आदल्या दिवशीची माझी सही दिसली नाही. पेन सुकलं असेल म्हटलं. मग माझ्या टिपणवह्या उघडल्या. एकोणीस वर्षांची सगळी पानं कोरी होती.

पेटीच्या तळाशी आणखी एक कार्ड होतं. दोनशे तेरावं.

त्यावर माझा पत्ता होता. लुव्हिनियाच्याच तिरक्या अक्षरात, पेन्सिलीने. 'ओडेसा प्रुईट. वय एकसष्ट. शिक्षिका. एकटी राहते.'

'प्रुईट' पुसट व्हायला लागलं होतं.

मी गिरवलं. तेलावर पाणी घसरावं तशी शाई घसरली. पुन्हा गिरवलं. कागद शाई घेईना.

खात्री दुसऱ्या कुणी द्यायची होती. माझ्या घरात दुसरं कोण होतं? मला रोज पाहणारे एक डीकनच.

मी जिना धावत चढले. वर बाराचे ठोके पडत होते.

"डीकन, माझं नाव सांगा. मोठ्याने सांगा!"

त्यांनी चष्मा लावला. "बाई, आपण कोणाकडे आलात?"

"थट्टा पुरे! देवाशपथ, पाया पडते तुमच्या."

"बसा ना. पाणी देऊ?" परक्या माणसाशी बोलताना त्यांचा आवाज असाच मऊ व्हायचा. "खाली कशाला गेला होतात? तिथे कुणी बसत नाही."

माझ्या हातातलं कार्ड कोरं होतं.

त्यांनी एक तुकडा माझ्याकडे सरकवला आणि हात मध्येच थांबवला. ताटलीकडे पाहिलं.

"दोन कशाला कापले बरं मी?" ते स्वतःशीच म्हणाले.