साडूचा हात

सगळे त्यांना कानवाले म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. तेवीस वर्षं ते लोकांचे कान तपासत आले होते. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. खोलीत कपाटाहून जरा मोठी, आतून करड्या स्पंजने मढवलेली एक केबिन, तिला जाड काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात एक बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की दाबा, एवढंच. आत बटण दाबलं की बाहेर कानवाल्यांच्या टेबलावर हिरवा दिवा लागायचा.

त्यांची एक खास पद्धत होती. तपासणीच्या मध्येच ते आवाज पाठवणं बंद करत आणि हाताची घडी घालून बसून राहत. दहा सेकंद, कधी वीस. प्रामाणिक माणूस तेवढा वेळ स्वस्थ बसतो. ज्याला ऐकू येत नाही आणि ते कबूलही करायचं नाही, तो मात्र अंदाजाने बटण दाबतो. शांततेत दिवा लागला की चोर सापडला! "कान खोटं बोलत नाहीत, माणूस बोलतो," असं ते नर्सना सांगत, आणि नर्स माना डोलावत, कारण हे वाक्य त्यांनी मागच्या आठवड्यातही ऐकलेलं असायचं.

असा हा काटेकोर माणूस. पण प्रत्येकाला एखादी खोड असते, कानवाल्यांना दोन होत्या. एक त्यांची दोन सीटची, जुनी, लाल स्पोर्ट्स कार आणि दुसरी गिटार. यंदा गाठीला थोडं जमलं होतं, तेव्हा दोघींपैकी एकीचे लाड करता येणार होते. गाडीला टर्बो बसवायचा, नाहीतर गिटारसाठी चांगला अँप्लिफायर घ्यायचा. दोन महिने या एका प्रश्नाने त्यांचं डोकं खाल्लं. घर घेतानासुद्धा तुम्ही इतका विचार केला नव्हता, असं बायको म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मुळात प्रश्न गाडी की अँप हा नव्हताच. प्रश्न साडूचा होता.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. ना धड भाऊ, ना धड मित्र. एकाच सासऱ्यासमोर मान खाली घालून जेवलेली दोन माणसं, बस्स. हा साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, कानवाल्यांपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि डोक्यावरचे सगळे केस शाबूत. त्याचीही स्पोर्ट्स कार होती, नवी कोरी. रविवारी सकाळी टेकडीच्या रस्त्यावर दोघे आपापल्या गाड्या काढत, आणि चढ लागला की साडू सहज पुढे निघून जाई. जाताना हात हलवी, तोही अगदी प्रेमाने. तेच जास्त झोंबायचं.

गाडीचं एक वेळ सोसलं असतं. पण हा गिटारही वाजवायचा. रविवारी दुपारी दोन्ही घरं एकत्र जेवत, आणि जेवणानंतर साडू स्वतः बसवलेली एक धून वाजवी. धून साधीच होती, पण तिच्यात तिसरं वळण असं होतं की बोटं झटकन सरकून वर जावी लागत. साडूची जात. कानवाल्यांनी तीच धून वर्षभर घोटली, पण तिसऱ्या वळणावर त्यांचं करंगळीशेजारचं बोट हटकून अडखळायचं.

आणि बायको? साडू वाजवू लागला की ती भांडी तशीच टाकून सोफ्याच्या टोकाला येऊन बसे आणि डोळे मिटून घेई. कानवाले वाजवत तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घाली. बस, एवढंच. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यासाठी काय केलं नव्हतं? पण डोळे मिटले नव्हते. कानवाल्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा, फक्त एकदा तिने आपलं वाजवणं डोळे मिटून ऐकावं, याहून जास्त त्यांना या वयात काहीही नको होतं.

एका रविवारी हात धुताना साडूने आपणहून विषय काढला. "साडूभाऊ, माझं ऐकाल तर गाडीचंच करा. अँप काय, पुढेमागे मिळेल."

कानवाल्यांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. साडू सल्ला देतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते तडक रेडिओवाल्याच्या दुकानात गेले.

रेडिओवाला म्हणजे जुने रेडिओ, टेप आणि अँप दुरुस्त करणारा एक म्हातारा. दुकानात तापलेल्या कथलाचा वास भरलेला. कोपऱ्यात तपकिरी रेक्झिनचा, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा एक अँप होता, ट्रंकेएवढा. कानवाल्यांनी त्याच्यावर एकच तार छेडली आणि त्यांच्या हातावर काटा आला. इतका भरदार आवाज त्यांनी कधी काढलाच नव्हता. पण म्हाताऱ्याने नकार दिला. हा तुमच्या साडूंसाठी ठेवलाय, म्हणाला. तीन आठवडे रोज संध्याकाळी इथे स्टुलावर बसून ते याच्यावरच वाजवतात. स्पीकरचा कागद नवा घातला होता, आणि नव्या कागदाचं नव्या चपलेसारखं असतं. जो पहिल्यांदा घालतो त्याच्या पायाची होते. हा आता त्यांच्या हाताचा झालाय, तुम्ही दुसरा बघा.

"त्यांचा विचार बदललाय," कानवाले म्हणाले. "त्यांनीच मला सांगितलं, तुम्ही घ्या म्हणून."

जन्मभर लोकांचं खोटं पकडणारा माणूस, पण बोलताना पापणी लवली नाही. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांनी आपला हात तुम्हाला दिला म्हणता? मग न्या."

साडूला कळलं तेव्हा तो हसून म्हणाला, चांगलं केलंत, आता मी गाडीचंच बघतो. कानवाले त्या दिवशी घरी शीळ घालत आले.

अँप बैठकीच्या मागच्या छोट्या खोलीत ठेवला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा घ्यायला गेले आणि कप हातात घेऊन परत आले तर अँपमधून बारीकसा घूं असा आवाज येत होता. जुन्या अँपची घरघर असतेच, त्यात नवल नाही. पण ही घरघर मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. गिटार तर स्टँडवर होती. कानवाल्यांनी दवाखान्यातून आणलेलं आवाज मोजायचं यंत्र समोर धरलं. आवाजाचं बटण शून्यावर असताना काटा अठ्ठावीस डेसिबल दाखवत होता. शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजलं तर इतकाच आवाज होतो. वायरिंग जुनं असेल, असं म्हणून त्यांनी यंत्र ठेवून दिलं.

मग ते वाजवायला बसले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्यांचं बोट नेहमीसारखं अडखळलं.

धून अडखळली नाही.

त्यांनी मान खाली घालून हाताकडे पाहिलं. बोट अजून चुकीच्या तारेवर होतं, आणि समोरच्या कापडाच्या जाळीतून सूर सरळ वर चढून पुढे गेला होता. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी मुद्दाम चूक केली. तरी धून बरोबरच.

दाराशी बायको उभी होती. हात ओले, खांद्यावर टॉवेल, आणि डोळे मिटलेले.

"छान वाजवलंत हो आज," ती म्हणाली.

यावर एखाद्या शहाण्या माणसाने अँप त्याच दिवशी परत केला असता. कानवाले शहाणे होतेच, पण ते नवराही होते. त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी साडूने कानवाल्यांकडची दुसरी, साधी गिटार मांडीवर घेतली आणि तिसऱ्या वळणावर अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळला, तेच बोट. मेहुणी म्हणाली, आठवडाभर असंच चाललंय, बोटं आखडली असतील. कानवाल्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या.

"साडूभाऊ," साडू हळूच म्हणाला, "तुमच्या अँपवर एकदा वाजवून बघू का?"

"तो दुरुस्तीला दिलाय," कानवाले म्हणाले.

अँप भिंतीपलीकडे होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्या दुपारी साडूने पुन्हा गिटारला हात लावला नाही.

दोन आठवडे कानवाल्यांनी मोठ्या सुखात काढले. रोज संध्याकाळी ते वाजवायला बसत आणि रोज बायको येऊन ऐके. हळूहळू त्यांच्या एक लक्षात आलं, की ती त्यांच्याकडे बघतच नाही. येताना डोळे मिटूनच येते आणि उठून गेल्यावरच उघडते. खुर्चीही ती आता त्यांच्यासमोर नाही, अँपसमोर ठेवायची. एकदा जेवताना त्यांनी तिला हाक मारली, तर ती दचकली आणि कोण बोललं ते शोधल्यासारखी इकडेतिकडे बघत राहिली. "अगं, मी," ते म्हणाले. "हो हो," ती म्हणाली आणि भात वाढला.

त्यांना आता साडूचा हेवा वाटत नव्हता. त्या पेटीचा वाटत होता.

गुरुवारी त्यांनी वाजवता वाजवता तारांवरून दोन्ही हात उचलले.

धून चालू राहिली.

बायको डोळे मिटून बसली होती. तिला काहीच कळलं नाही. कानवाले उभे राहिले, तिच्या समोरून चालत गेले, दारात थांबले. तरी तिला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी अँपचा प्लग काढून वायर गुंडाळली, अँप कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. गिटार गाडीच्या मागच्या डिकीत ठेवली आणि ते दवाखान्यात गेले.

साडेअकराला साडू आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. रात्रंदिवस कानात कुणीतरी वाजवतंय म्हणाला. नव्या टर्बोची गाडी चारदा बाहेर काढली, पण इंजिनाच्या आवाजातही तेच ऐकू येतं. "माझीच धून आहे हो. मला येत नाही, आणि ती मात्र बरोबर चाललीय."

कानवाल्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले, बटण हातात दिलं. दार बंद झालं. नेहमीप्रमाणे त्यांनी बारीक आवाजापासून सुरुवात केली. कान उत्तम होते. मग नेहमीप्रमाणेच त्यांनी आवाज थांबवला आणि हाताची घडी घातली.

दिवा लागला.

विझला. दोनदा पटकन लागला, विझला, मग लांबलचक लागून राहिला.

कानवाल्यांनी यंत्राची वायरच काढली. दिवा लागतच होता. काचेपलीकडे साडूचा अंगठा शांतपणे बटणावर पडत होता. पहिलं वळण. दुसरं. कानवाल्यांना ते न ऐकताही कळत होतं.

आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली. पुरे झालं. आज संध्याकाळी अँप याच्या घरी पोचवायचा, म्हाताऱ्याला काय सांगितलं तेही कबूल करायचं. बायकोला आधी कळवावं, म्हणून त्यांनी टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर लावला.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "मी बोलतोय."

पलीकडे धून चालू होती, भरदार, अगदी जवळ. टेबलावरचा हिरवा दिवा तिच्याच तालावर लागत होता, विझत होता.

"कोण बोलतंय?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"मी. अगं, मी!"

ती अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "नंतर करता का फोन? आमचे हे वाजवतायत."

दिव्याने तिसरं वळण न अडखळता पार केलं. काचेपलीकडे साडूने डोळे मिटून घेतले होते.