कठड्यावरची टकटक

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी रागानं नुसती फणफणत होते. खरं सांगायचं तर पुढे कित्येक दिवस तो राग उतरलाच नाही. मधे थोडा वेळ फक्त लाजेचा वेश घेऊन बसला होता, एवढंच.

आमच्या नदीवर एक लोखंडी पूल आहे. पायी जाणाऱ्यांचा, अंगानं बारीक. इतका, की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला मागे फिरावंच लागतं. म्हणून रीत पडली — पुलावर पाय ठेवण्याआधी कठड्यावर टकटक करायची. लोखंडातून ती सरसरत पलीकडे जाते आणि पलीकडचा माणूस थांबतो. चिमुरड्या पोरी दोरीवर उड्या मारताना म्हणतात,

अलीकडची टकटक पलीकडे गेली,
थांब थांब साजणी, कुणाची स्वारी आली?

त्या सकाळी टकटक थांबेचना. माझ्या हातात काचांची पेटी. आमचं चष्म्याचं दुकान पलीकडच्या काठावर, घर अलीकडे. पुढे भाजीवाल्या मावशी, मागे न्हावीदादा, पलीकडच्या टोकालाही तेवढाच घोळका. आणि कठडा आपला वाजतोय... टक टक, टक टक.

"यायचं तर ये म्हणावं एकदाचं," न्हावीदादा म्हणाला. "तबलजी असल्यासारखा ठोकतोय नुसता."

"येईल रे. पिकलं पान असेल कुणी, दमत दमत येत असेल," मावशी म्हणाल्या.

ऊन डोक्यावर आलं. माणसं कंटाळून परतली, पण पुलावर कुणी पाऊल टाकलं नाही. मी मात्र ओढणी कमरेला खोचली आणि निघाले.

पुलाच्या मध्यावर एक तरुण उकिडवा बसून कठड्यावर हातोडी मारत होता. मारायचा, कान लावून ऐकायचा, पुन्हा मारायचा.

"येताय की जाताय?" मी विचारलं.

तो असा दचकला की नाकावरचा चष्मा सुटून थेट नदीत.

"मी... काम करतोय," तो डोळे बारीक करून म्हणाला. "पुलाची तब्येत बघायला पाठवलंय मला. आवाजाचा त्रास झाला का? संपलंच आता."

"त्रास? अख्खी सकाळ खाल्लीत तुम्ही."

"माफ करा." मग तो हसला, जरा वाकडंच, एका गालात. "पण सकाळपासून या पुलावर दिसलेल्या तुम्ही पहिल्याच."

आता असं कुणी म्हटल्यावर काय करावं माणसानं? मी तोंड नदीकडे फिरवलं. "दिसलेल्या? चष्मा तर वाहून गेला."

"तेवढं दिसलं," तो म्हणाला.

नवा चष्मा अर्थातच आमच्या दुकानात झाला. काचा मी घासल्या, काड्या बाबांनी बसवल्या, नुसत्या बोटांनी. बाबांनी उभा जन्म गावाला नजर दिली आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र धुकं उतरलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तरी ते रोज एकटे दुकानात येतात. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. मोटारींचा पूल लांब, तिथे ट्रकांची धडधड, कडेला चालायला वीतभर जागा नाही. एकट्यानं चालता येईल असा बाबांना जगात हा एकच रस्ता उरला होता.

चष्मा झाला, तरी हातोडीवाला यायचा थांबला नाही. (हे नाव बाबांनीच ठेवलं.)

"स्क्रू सैल झालाय," तो म्हणायचा.

"रोज?"

"नदीकाठची हवा... दमट असते."

"बाकी गावाचे स्क्रू कसे घट्ट आहेत?"

"माझं नाक वेगळं असेल."

"नाक नाही, नियत सैल आहे," आतून बाबा म्हणाले. त्याचे कान लालबुंद झाले आणि मला उगाचच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधावं लागलं.

आणि एका सकाळी कठड्यावर कागद डकवलेला दिसला. पूल पाडणार. काठावर मोकळ्या होणाऱ्या जागेत मोटारतळ. कारण : रोजचा वापर नगण्य. खाली पाहणी करणाऱ्याची सही... ओळखीची. चष्म्याच्या पावतीवर तशीच होती.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. सकाळपासून दिसलेल्या तुम्ही पहिल्याच! ते कौतुक नव्हतं तर. मोजणी होती. त्या मोजणीत एकटी मी, आणि मला म्हणायचं नगण्य.

"मोठ्यानं वाच," मागून बाबा म्हणाले. मी वाचलं. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, घरच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "म्हणजे आता मला बोटाला धरून न्यावं लागणार," एवढंच म्हणाले.

मी तडक नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तो व्हरांड्यात नकाशे गुंडाळत होता. मला पाहून उठला, हसायला लागला — आणि अर्ध्यातच थांबला.

"हा चष्मा कुणी बनवला?" मी विचारलं.

"तुम्ही."

"मग दोष माझ्याच काचेत असणार. त्यातून तुम्हाला अख्खं गाव दिसलं नाही."

"मी सकाळभर पुलावर होतो," तो हळूच म्हणाला. "माणसं दोन्ही टोकांना होती. पण तुमच्याशिवाय पाऊल कुणीच टाकलं नाही. मला वाटलं, घाबरतात... पूल पडेल म्हणून."

"घाबरत नव्हते. थांबले होते."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी. आमच्याकडे कठडा वाजला की समजायचं, समोरून माणूस येतोय. त्याला वाट द्यायची. तुम्ही वाजवत राहिलात आणि आम्ही शहाण्यासारखे उन्हात उभे. आणि आमच्या त्या माणुसकीला तुम्ही नगण्य लिहिलंत."

तो खाली बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला. "इतके दिवस तुमच्या दुकानात येतोय... पुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही."

"स्क्रूबद्दल विचारत होतात ना."

"पूल भक्कम आहे. दोनच तुळया गंजल्यात, त्या बदलता येतात. तसं लिहिलंयही मी. पण वापरच नाही म्हटल्यावर साहेबांनी पुढचं वाचलं नाही. मी चूक कबूल करतो, नवा अहवाल देतो."

"म्हणजे कागदावर आणखी एक कागद. त्यापेक्षा साहेबांना पुलावर आणा. आणि हातोडी घरी ठेवून या."

त्यानं आणलं. मोटारतळाचा नकाशा काखेत मारून साहेब गाडीतून उतरले आणि टकटक न करता ताडताड पुलावर चालू लागले. मध्यावर समोर बाबा.

"कोण आहे?" बाबांनी काठी आडवी धरली. "वाजवलं का नाही? मी कधीचा वाजवून निघालोय. चला, मागे व्हा."

"अहो, मी साहेब आहे."

"असाल. रीत सगळ्यांना एकच."

साहेब उलट्या पावलांनी मागे आले. बाबांच्या मागून भाजीवाल्या मावशी, शाळेची पोरं, न्हावीदादा, अशी ही रांग. साहेब घाम पुसत बघत राहिले, आणि रांग काही सरेना.

"हा वापर नगण्य?" त्यांनी विचारलं.

"माझी चूक आहे, साहेब," सगळ्यांदेखत तो म्हणाला. "पूल मीच अडवून बसलो होतो आणि लिहिलं की कुणी येत नाही."

साहेबांनी नकाशाची सुरळी त्याच्या छातीवर टेकवली. "मग शिक्षा घ्या. तुळया बदलून होईपर्यंत या गावातून हलायचं नाही."

त्याचे कान लाल झाले. शिक्षा ऐकून इतका आनंदलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. तरी मी बोलले नाही त्याच्याशी. नगण्य हा शब्द असा दोन दिवसांत विरघळतो होय?

तुळया बदलल्या, कठड्याला नवा रंग लागला. पूल खुला झाला त्या संध्याकाळी मी दुकान बंद करून टोकाशी आले, तोच पलीकडून टकटक आली. हातोडीची नव्हे, बोटांची. हलकी... घाबरलेली.

रीतीप्रमाणे मी थांबायला हवं होतं. मी कठड्यावर उलट टकटक केली आणि चालू लागले.

मध्यावर दोघं समोरासमोर.

"रीत मोडलीत," तो म्हणाला.

"शिकवणी तुमचीच."

"आता मागे कुणी फिरायचं?"

"मी तर नाही."

"मीही नाही." त्यानं चष्मा काढून माझ्यासमोर धरला. "स्क्रू घट्ट आहे. रोज घट्टच होता. त्या पहिल्या दिवशी मी मोजत होतो, आणि तुम्ही आलात तिथेच मोजणी सुटली... तेव्हापासून मला पुढचा आकडा आठवत नाही."

नदीवरून वारा आला. माझी ओढणी कठड्यात अडकली. त्यानं सोडवली, पण टोक काही हातातून सोडलं नाही.

"नगण्य बाईशी इतकं बोलू नये," मी म्हणाले.

"तो शब्द मी खोडलाय."

"तिथे काय लिहिलंत?"

"जागा रिकामी ठेवलीय. तू सांगशील ते."

मी कठड्यावरच्या त्याच्या हातावर फक्त हात ठेवला. नव्या रंगाखाली जुनं लोखंड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं.

पुलाच्या दोन्ही टोकांना एव्हाना माणसं जमली होती. कुणीतरी कठड्यावर टकटक केली. लगेच बाबांचा आवाज आला, सगळ्या काठाला ऐकू जाईल असा —

"थांबा जरा. पुलावर माणसं आहेत."