सरळ पायाचा राजा

मिसर देशाच्या दक्षिण टोकाला, जिथे नील नदी काळ्या खडकांत अडकून फेसाळते आणि नावा दोरांनी ओढून वर न्याव्या लागतात, तिथे एका कातळावर कच्च्या विटांची, पण वीस हात उंच तटाची एक गढी उभी होती. पहाट फुटली की आधी तिचे बुरूज तांबूस होत, मग तट, आणि सर्वांत शेवटी पायथ्याची वाळू. तिथली शिबंदी दोनशेची. त्यातले बहुतेक शिपाई याच मुलखात जन्मलेले. राजधानी त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि राजालाही पाहिले नव्हते.

तरी रोज उजाडताना ते राजाला मुजरा करीत. गढीच्या चौकात, देवळाच्या दारासमोर, महाराज खेमहोरांची तांबड्या दगडाची मूर्ती होती. दीड पुरुष उंच, रुंद खांद्यांची, निरुंद कमरेची. दोन्ही मुठी मांड्यांशी आवळलेल्या, डावा पाय पुढे टाकलेला, नजर समोर दूर कुठेतरी. वय म्हणाल तर बावीस-तेवीस. त्या देशात राजाची मूर्ती अशीच घडवीत. दगडावर आधी तांबड्या शाईने चौकटी आखायच्या, टाचेपासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत अठरा. गुडघा सहाव्या ओळीवर यायचा, खांदे सोळाव्या ओळीवर. राजा पंचविशीचा असो की साठीचा, बुटका असो की पोट सुटलेला, चौकटी बदलत नसत. शिल्पशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होते. शिपायांना मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांच्या लेखी महाराज दिसत होते ते असेच.

मूर्ती घडवणारा शिल्पी सेहेतू देवळाच्या भिंतींचे काम संपवण्यासाठी गढीतच राहिला होता. हाताने कसबी, स्वभावाने भिडस्त, आणि आपल्या कामाबद्दल मनातून चांगलाच गर्विष्ठ. बायको नुबेत आणि मुलगी राजधानीत, वजिराच्या शिल्पशाळेच्या वस्तीत होत्या. गढीतल्या साऱ्या माणसांत महाराजांना समोरासमोर पाहिलेला तोच एकटा. तीन वर्षांपूर्वी मापे घेण्यासाठी त्याला राजवाड्यात नेले होते, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे खेमहोर महाराज त्याच्यासमोर पंचा नेसून उभे राहिले होते. डोळ्यांखाली पिशव्या, खाली ओघळलेले ओठ, आणि लहानपणी नावेतून पडून मोडलेला, मग वेडावाकडा जुळलेला डावा पाय.

"सेहेतू, हा पायही घे," महाराज म्हणाले होते. "चाळीस वर्षे सारे राज्य याच्यावर फिरलो आहे."

"क्षमा असावी, महाराज," सेहेतू म्हणाला. "पाय आपला आहे, मूर्ती राज्याची आहे. राज्याचा पाय वाकडा घडवता येत नाही."

महाराज मोठ्याने हसले आणि त्याचे म्हणणे मान्य केले. त्या उत्तराचा सेहेतूला फार अभिमान वाटे. आपण राजाला शिकवले असे त्याला वाटले होते, आणि खरे सांगायचे तर उत्तर चुकीचेही नव्हते.

एके दिवशी मात्र पहाटेचा मुजरा आटोपतो न आटोपतो तोच वेशीवर दोन माणसे आली. एक म्हातारा, धुळीने माखलेला, डावा पाय ओढत चालणारा. दुसरा त्याचा हुजऱ्या हेकू, ज्याच्या खांद्याचा आधार म्हाताऱ्याने घेतला होता. वाळवंटाच्या वाटेने सात दिवस चालून ते आले होते.

"किल्लेदाराला सांगा, महाराज खेमहोर आले आहेत," हेकूने तटाकडे मान वर करून ललकारी दिली. घसा कोरडा पडल्याने ती ललकारी कशीबशीच वर पोहोचली.

तटावर हशा पिकला. त्याला कारणही होते. चारच दिवसांपूर्वी वजिराचा खलिता येऊन थडकला होता, आणि त्यावर खुद्द राजाची मोहोर होती. एक लंगडा तोतया महाराजांचे नाव सांगत दक्षिणेकडे निघाला आहे, त्याला आत घेऊ नये, जो घेईल त्याला सहकुटुंब सुळी देण्यात येईल, असा त्यातला मजकूर.

किल्लेदार नखत हा सरळ, शिस्तीचा, हुकमाचा ताबेदार माणूस. पण नुसत्या कागदावर विसंबून म्हाताऱ्या माणसाला वाळवंटात हाकलावे, हे त्याच्या मनाला येईना. त्याने हसणाऱ्यांना दटावले आणि स्वतः खाली येऊन दरवाजातली छोटी दिंडी उघडली.

"नाव काय तुझे?" त्याने विचारले.

"तुझ्या चौकात दगडावर कोरले आहे ते," म्हातारा म्हणाला. "नखत, ऐक. वजिराने माझी मोहोर काढून घेतली, रक्षक फितवले. त्याला त्याचा भाचा गादीवर बसवायचा आहे. हेकू नसता तर मी राजवाड्यातच संपलो असतो. दक्षिणेचे सरदार अजून माझे आहेत. त्यांना निरोप जाऊन ते येईपर्यंत आठ दिवस मला आत घे. त्याहून जास्त मी काही मागत नाही."

बोलण्यात अजीजी नव्हती, दटावणीही नव्हती. नखत चपापला. त्याने मागे वळून चौकातल्या मूर्तीकडे पाहिले, मग पुन्हा म्हाताऱ्याकडे, आणि त्याचा गोंधळ आणखीच वाढला. मूर्तीच्या चेहऱ्यातली एक रेघही या चेहऱ्यात नव्हती. शिपाईही तेच करीत होते, एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे.

"महाराजांना पाहिलेला एकच माणूस इथे आहे," नखत म्हणाला. "तो सांगेल ते मी मानीन. सेहेतूला बोलवा."

सेहेतू हातावरची दगडाची भुकटी झटकत आला. दिंडीत उभा राहिला, आणि पाहताक्षणी त्याने ओळखले. चेहरा खंगला होता, पण पाय तोच होता. त्या पायाची लांबी त्याने स्वतःच्या दोरीने मोजली होती.

महाराजांच्या चेहऱ्यावर सात दिवसांत पहिल्यांदा हसू आले. "ये, बाबा. तू भेटलास म्हणजे सुटलो."

"शपथेवर सांग, सेहेतू," नखत म्हणाला. "हे महाराज खेमहोर आहेत की नाहीत?"

त्या क्षणी सेहेतूच्या मनात काय काय येऊन गेले, ते त्याने पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा उकरून पाहिले. नुबेत आणि मुलगी वजिराच्या हातात आहेत, हे आले. सहकुटुंब सुळी, हे शब्द आले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि तिचीच त्याला पुढे जास्त लाज वाटली. दोनशे माणसे त्याच्याकडे पाहत होती. रोज ज्या मूर्तीपुढे ती वाकत होती ती त्याच्या हातची होती, आणि हा लंगडा म्हातारा खरा असेल तर ती मूर्ती खोटी, असेच ती सगळी समजणार होती. अठरा चौकटींची गोष्ट त्यांना समजावून सांगायला फार वेळ लागला असता असे नाही. पण सेहेतूने ती सांगितली नाही.

"माझी मूर्ती चौकात उभी आहे," तो म्हणाला. "ज्याला डोळे आहेत त्याने ताडून पाहावे."

"असे आडून बोलू नकोस. हो की नाही?"

"नाही. हे महाराज नव्हेत."

हेकू खवळून त्याच्या अंगावर धावला. "हरामखोरा! यांच्या हातचे पाणी प्यायलास तू! मापे घेताना तुला घेरी आली तेव्हा यांनी स्वतः तुला पाणी पाजले!"

"हेकू, राहू दे," महाराज म्हणाले.

त्यांनी सेहेतूकडे बराच वेळ पाहिले. त्या नजरेत राग असता तर सेहेतूला सोसला असता. पण महाराज जणू त्याची अडचण समजून घेत होते, आणि ती त्यांना समजलीही असावी, कारण त्यांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला. तेवढ्यात तटावरचा पहारेकरी ओरडला. नदीच्या वळणावर पाच नावा दिसू लागल्या होत्या, आणि त्यांवर वजिराचे निशाण होते.

"किल्लेदार, दिंडी लावून घे," महाराज म्हणाले. "तुझी चूक नाही. मोहोरेचा हुकूम आणि साक्षीदाराची शपथ, दोन्ही तू पाहिलीस. ती माणसे माझ्यासाठी आली आहेत. दार उघडे सापडले तर तुझ्या माणसांनाही कापतील. लाव ते."

नखतने दिंडी लावली. तोतये असे बोलत नसतात हे त्याला कळायला हवे होते, आणि मला वाटते, कुठेतरी कळलेही होते. पण हात हुकमाच्या सवयीने चालला.

पुढचे सगळे तटावरून दिसले. तीस-चाळीस हत्यारबंद माणसे नावांतून उतरून चढण चढू लागली. हेकूने महाराजांपुढे उभे राहायला पाहिले, पण त्यांनी त्याला हाताने बाजूला सारले आणि काठी त्याच्याकडे दिली. मग दोन्ही हात मांड्यांशी धरून, मुठी आवळून, नजर समोर ठेवून त्यांनी पाऊल पुढे टाकले. डावे, वाकडे पाऊल. आधाराशिवाय ते त्यावर उभे राहिले, थरथरले, पण उभे राहिले. शिपायांना त्यात काही दिसले नाही. सेहेतूने मात्र त्या उभ्या राहण्याची एक-एक रेघ दगडात घडवली होती. त्याने तटाच्या विटेवर कपाळ टेकले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हेकूही पडला होता आणि सगळे संपले होते.

थोड्या वेळाने त्या टोळीचा नाईक दरवाजाशी आला. घाम पुसत, अगदी सहज, शेजारी येऊन काही मागावे तसा तो म्हणाला, "किल्लेदार, चार पोती खार द्या. आणि देवळात चांगले तागाचे कापड असेल तर तेही."

नखत म्हणाला, "खार? कशाला?"

"प्रेत टिकवायला. राजधानी लांब आहे."

त्या मागणीचा अर्थ एकट्या नखतला उमगला. तोतयाचे प्रेत मगरींना टाकतात. खारात मुरवून, कापडात गुंडाळून, राजधानीच्या थडग्यापर्यंत नेतात ते राजाचे. वजिराच्या भाच्याला गादी हवी होती, आणि आदल्या राजाला विधीने मूठमाती देईल तोच त्या देशात पुढचा राजा ठरे. नाईक रांगडा गडी होता, आपण काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानीही आले नाही. नखतने कोठाराच्या किल्ल्या काढून दिल्या.

नावा गेल्यावर सेहेतू चौकात आला. सगळी शिबंदी अजून तिथेच घोळक्याने उभी होती. तो मूर्तीच्या पायथ्याशी उभा राहिला आणि मोठ्याने, प्रत्येकाला ऐकू जाईल असे म्हणाला, "ते महाराज होते. मी ओळखले होते. मी भ्यालो आणि खोटे बोललो. माझ्या एका शब्दाने राजा दाराबाहेर मेला. मला जी शिक्षा द्यायची ती द्या."

त्या दिवशी कोणी धैर्य दाखवले असेल तर त्यानेही दाखवले, असे म्हणावे लागेल. पण ते दोन घटका उशिरा आले होते. शिपाई त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मूर्तीकडे पाहिले. एक जुना हवालदार कनवाळूपणे म्हणाला, "शिल्पीबुवा, सावलीत बसा. उन्हाने डोके फिरते माणसाचे." दुसरा म्हणाला, "महाराज असे लंगडे कसे असतील? समोर दिसतात की."

"ती मूर्ती खोटी आहे!" सेहेतू ओरडला. "म्हणजे खोटी नाही... राजे असेच घडवतात. सगळेच. नखत, तुम्ही तरी सांगा. तुम्ही खार दिलात. तुम्हाला कळले आहे."

नखत पुढे आला. एका सकाळीत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला होता. त्याने सेहेतूचे दंड धरले आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, "दिंडी मी लावली, सेहेतू. या हातांनी. तू सांगतोस ते खरे मानले तर मी उद्यापासून या दोनशे माणसांपुढे कसा उभा राहू? तू एकदा खोटे बोललास आणि मी ते मानले. आता ते मला निभावू दे."

मग तो मोठ्याने शिबंदीला म्हणाला, "तोतया मेला. आपापल्या पहाऱ्यावर जा."

त्यानंतर नखत चौकातून कधी चालला नाही. कोठारात जायचे असले तरी तटावरून लांबचा वळसा घाली. सेहेतूला शिक्षा झाली नाही. उलट शपथेवर खरी साक्ष दिली म्हणून वजिराकडून शाबासकीचा खलिता आला, आणि तो त्याला सर्वांसमोर उभे राहून ऐकावा लागला.

सत्तर दिवसांनी राजाला मूठमाती मिळाली आणि वजिराचा भाचा गादीवर बसला. नव्या राजाचे वय एकोणीस होते, अंगाने तो स्थूल होता आणि एका डोळ्याने अधू, असे नावाडी कुजबुजत. ज्या नावेतून नव्या राजाचा हुकूम आला त्याच नावेतून नुबेत आणि मुलगी आल्या, दोघी सुखरूप, वजिराने दिलेली नवी वस्त्रे नेसून. हुकूम छोटा होता. मूर्तीच्या कमरपट्ट्यावर आणि मागच्या खांबावर जुने नाव आहे ते खोडून नवे कोरावे. चेहऱ्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेहेतूने छिन्नी घेतली. जुने नाव तासून निघायला फारसा वेळ लागला नाही. नुबेत शेजारी येऊन बसली आणि कौतुकाने पाहू लागली.

"वस्तीत सगळे म्हणतात की तुमच्यामुळे आमचे जीव वाचले," ती म्हणाली. "मला काही कोणी नीट सांगितले नाही. काय केलेत तुम्ही?"

सेहेतूने तिच्याकडे पाहिले नाही. ती समोर होती, धडधाकट, हसरी, आणि तिच्याकडे पाहणे त्याला ती आल्यापासून जमलेच नव्हते.

"काही नाही," तो म्हणाला. "ही मूर्ती घडवली."

आणि वाकून तो नव्या नावाचे पहिले अक्षर कोरू लागला.