पलीकडून येणारा माणूस

धोपाव्याच्या धक्क्याला फेरीबोट लागली, पुढची फळी खाली आली आणि नेमकी तेव्हाच उल्काची स्कूटर रुसली. बटण दाबून झालं, किक मारून झाली... गाडी ढिम्म. मागे रिक्षा, मोटारी, मासळीचा टेम्पो; सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. जानेवारीतली सकाळ, खाडीवर धुकं. तरी तिला घाम फुटला.

"ब्रेक सोडा, उल्का. मी ढकलतो."

निळ्या स्वेटरमधल्या एका उंच तरुणाने स्कूटर फळीवरून चढवली, रस्त्याच्या कडेला नेली, प्लग काढून पुसला. गाडी सुरू झाली तसा आभार ऐकायलाही न थांबता निघून गेला. जाताना हसला मात्र... अगदी डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत.

अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं. आपण त्याला नाव सांगितलंच नव्हतं.

उल्का राहायची दाभोळला, आप्पांबरोबर, आपल्या वडिलांबरोबर, आणि रोज खाडी ओलांडून शृंगारतळीच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला जायची. अनोळखी माणसाच्या चांगुलपणाची तिला धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं तेव्हा मुलाकडचा असाच एक गोडबोल्या गृहस्थ घरी आला होता. पडवीत बसून त्याने आप्पांच्या आंब्याच्या कलमांचं कौतुक केलं, आणि बोलता बोलता लहानपणी उल्काला फिट यायच्या हे भोळ्या आप्पांकडून काढून घेतलं. ती शाळेत असतानाच ते दुखणं थांबलं होतं, गोळ्याही सुटल्या होत्या. पण ते ऐकून घ्यायला कोण थांबतंय? लग्न मोडलं. आणि आता आप्पांनी पुन्हा चार ठिकाणी तिची माहिती पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी तो बोटीवर होताच. मग रोजच दिसू लागला. नाव सुजय, गाव अलोरे, नोकरी अंजनवेलच्या वीज प्रकल्पात. एवढं त्याने आपणहून सांगितलं. तो तिच्यासाठी सावलीतली जागा धरायचा, बोट हलली की न बोलता तिच्या स्कूटरच्या हँडलवर हात ठेवायचा.

"माझं नाव कुठून कळलं तुम्हाला?" तिने एकदा विचारलंच.

तो गडबडला. "कुणीतरी... हाक मारली असेल."

"कुणी?"

"ते आता खाडीलाच विचारायला हवं."

उल्का हसली नाही. तोंड दुसरीकडे फिरवून मग थोडंसं हसली, आणि त्याचाच तिला राग आला. घरी आल्यावर ती त्याचं एकेक वाक्य आठवून बघायची. यात काही खोच होती का? आप्पांविषयी त्याने का विचारलं? आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याला चुकल्या-चुकल्यासारखं का वाटतं...?

एका सकाळी दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारे भागोजी तिच्याजवळ आले नि हळूच म्हणाले, "ताई, सांगू का नको असं झालं होतं. तो पोरगा हितं ऱ्हात न्हाय. पयल्या बोटीनं पलीकडनं येतो, हितं चा पितो, नि तुमच्यासंगट परत जातो."

बोट सुटली तशी ती सरळ सुजयपुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला कुणी पाठवलंय?"

त्याने नजर खाली घातली. खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मामांनी," तो म्हणाला. "विनोदसाठी... माझ्या मामेभावासाठी तुमचा फोटो आलाय. मुलगी रोज बोटीने जाते, जरा बघ कशी आहे, म्हणाले."

"मग नीट ऐका. लहानपणी मला फिट यायच्या. आता येत नाहीत. हेच हवं होतं ना? सांगा जाऊन."

तिने मान खाली घातली नाही. सुजयने आता नजर वर उचलली.

"मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मला हे जमणार नाही. विचारायचं ते घरी जाऊन, समोर बसून विचारा."

"मग रोज का येता?"

"ते... मामांसाठी नाही येत."

एरवी हे वाक्य तिने कितीदा मनात घोळवलं असतं. पण असाच गोड आवाज तिने पडवीतही ऐकला होता. "उद्यापासून या बोटीवर येऊ नका," एवढंच ती म्हणाली.

तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. फोन नाही, निरोप नाही. सावलीतल्या जागेवर दुसरंच कुणी बसू लागलं. तो खोटारडा होता म्हणून तोंड लपवतोय, की आपण सांगितलं म्हणून ऐकतोय? हे तिला कळेना, आणि कळल्याशिवाय चैन पडेना.

शेवटी, सुट्टीचा तो गावी असेल म्हणून एका रविवारी, मैत्रिणीकडे जाते असं आप्पांना सांगून, ती चिपळूणवरून अलोऱ्याला गेली. तिथल्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत सुजयचं घर विचारत गेल्यावर शेजारच्या दारात येसूबाई नावाच्या एक बाई पावटे सोलत बसलेल्या भेटल्या. एका स्थळाकडून आलेय, मुलगा कसा आहे, असं उल्काने चाचरत विचारलं. येसूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"पोरगा सोन्यासारखा. पण हट्टी हो! मामाने कुणा मुलीची टेहळणी करायला सांगितलीन, तर ह्याने तोंडावर नाही म्हटलंन. लोकांच्या लेकीबाळींवर पाळत ठेवायला मी काय पोलीस आहे का, म्हणाला. तेव्हापासून मामा ह्यांची पायरी चढत नाही. आई बिचारी रडते मधनंमधनं, पण हा काही माफी मागायचा नाही."

उल्का शेजारच्या दाराकडे वळली, पण कडीला हात लावेना. येसूबाईच उठल्या, शेजारची कडी वाजवली आणि पावट्यांकडे परत गेल्या.

दार सुजयने उघडलं. हाताला कणीक, केस विस्कटलेले. तिला बघून त्याने ते हात पाठीमागे नेले.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही," ती म्हणाली. "म्हणून बघायला आले."

"बघितलंत?"

"हो... पण मामांशी भांडलात हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला तीही लबाडीच वाटली असती. आणि आवडता तुम्ही मला, हे तर... त्याहून मोठी लबाडी वाटली असती."

"आता नाही वाटणार," उल्का हळूच म्हणाली.

आतून त्याच्या आईने, कोण आलंय, म्हणून विचारलं. सुजय दारातून जरा बाजूला झाला. तो उल्काकडे बघत होता, तिने आत यायचं की मागे फिरायचं ते तिच्यावरच सोपवून.

उल्काने दाराशी चपला काढल्या.