शेपटीतला गनर

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझे सख्खे मामा सोबत होते. हवं तर त्यांना विचारा.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

भर दुपार होती. लख्ख ऊन. उघडं शेत.

मी विमानांच्या एका छोट्या संग्रहालयात काम करते. दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या विमानांचा माग काढायचा आणि त्यातल्या माणसांच्या घरच्यांना कळवायचं. सवय होते हो. आता हाडं बघूनही मला काही वाटत नाही.

मामा विमानाच्या इंजिनांचे मेकॅनिक. निवृत्त झाल्यापासून माझ्याबरोबर हिंडतात. इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. कानाचं मशीन काढलं की शेजारी भांडी आपटा, पत्ता लागत नाही. मामी म्हणते, "तेवढीच यांना माझ्यापासून सुट्टी."

तेव्हा आम्ही एका बॉम्बरच्या मागे होतो. बॉम्ब टाकून परतताना ते डोंगरावर आदळलं होतं. आत सात जण. सहा सापडले, त्यांना तेव्हाच पुरलं.

सातवा सापडलाच नाही.

तो शेपटीतला गनर. विमानाच्या अगदी टोकाला, काचेच्या घुमटीत मशीनगन धरून एकटाच बसायचा. तिथे थंडी इतकी, की बोटं बधिर व्हायची. शेपटी वाटेतच कुठेतरी तुटून पडली होती, त्याला घेऊन.

त्याची धाकटी बहीण अजून होती. नव्वदी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"कागद खूप झाले गं. हाताला लागेल असं काहीतरी आण. म्हणजे मी जायला मोकळी."

मी हो म्हणून बसले.

पुढे डोंगराच्या बऱ्याच अलीकडे एका शेतात नांगराला पत्र्याचा तुकडा लागला. बॉम्बरचाच. आम्ही लगेच गेलो.

धातू शोधायचं यंत्र घेऊन मी पट्टे पाडत चालत होते. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर चालू होता. मामा बांधावर बसले होते. वाऱ्याने कानाचं मशीन शिट्ट्या मारायला लागलं, तसं त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

बराच वेळ काहीच मिळालं नाही.

मग माझ्या लक्षात आलं...

ट्रॅक्टरचा आवाज येत नव्हता.

मी वळून पाहिलं. ट्रॅक्टर चालू होता. धूर दिसत होता. चाकं फिरत होती.

आवाज नाही.

मी पाय आपटला. त्याचाही आवाज नाही. मामांना हाक मारली. माझीच हाक मला ऐकू आली नाही.

मामा बांधावरून उठले होते. शेताच्या मधोमध उभे होते. मान किंचित कलती, जशी आपण नीट ऐकताना करतो.

त्यांचे ओठ हलत होते...

ते कोणाला तरी उत्तर देत होते.

मी धावले. त्यांच्या दंडाला हात लावला आणि ट्रॅक्टरचा आवाज एकदम कानात घुसला.

"तू काही विचारलंस का मला?" मामा म्हणाले.

"नाही. मशीन तर तुमच्या खिशात आहे, मामा."

त्यांनी खिसा चाचपला. मशीन तिथेच होतं.

"मग 'उतरलो का?' असं कोण विचारत होतं?"

मी शेतभर नजर फिरवली. आम्ही दोघंच होतो.

"पोरगाच असेल कोणीतरी. दात वाजत होते त्याचे. मी म्हटलं, उतरलास बाबा, उतरलास."

त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या उन्हात त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. मी हातात घेतली... बर्फ.

ते उभे होते तिथेच आम्ही खणलं. आधी घुमटीची वाकडी कडी लागली. मग चामड्याचा हातमोजा. उजव्या हाताचा.

तो रिकामा नव्हता.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, प्रयोगशाळेत तपासणी झाली. बहिणीच्या डीएनएशी जुळलं. तोच होता. बाकीच्या सहा जणांशेजारी त्याला पुरलं. रिकामा हातमोजा मी स्वतः बहिणीला नेऊन दिला.

तिने तो दोन्ही हातांत धरला. गालाला लावला.

"किती गरम आहे गं," ती म्हणाली.

मी हात लावून पाहिला नाही. हिंमतच झाली नाही.

मामांची बोटं मात्र तशीच राहिली. डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त तपासलं. सगळं ठीक. एकदा चहाचं पातेलं त्यांनी उघड्या हाताने उचललं. चामडी करपल्याचा वास आला, तेव्हा मामी किंचाळली. मामा शांतपणे आपल्या हाताकडे बघत उभे होते. आता ती त्यांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही.

त्यांनी मशीन काढणंही सोडलंय. झोपतानासुद्धा घालून ठेवतात. मामीला वाटतं, म्हातारपणी का होईना, बायकोचं ऐकायला लागले.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघंच बसलो होतो. मी विचारलंच.

"मामा, अजून विचारतो का तो?"

"आंघोळीला मशीन काढलं की विचारतो."

"मग सांगायचं ना, उतरलास म्हणून."

"सांगायचो. रोज सांगायचो. घरी आलास, बहिणीजवळ आलास, सगळं सांगायचो. आता नाही सांगत."

"का?"

मामा ती पांढरी बोटं चोळत राहिले.

"माझ्याआधी दुसरंच कोणीतरी सांगतं."

"कोण?"

"एक जण नाही. पाच-सहा आवाज आहेत... सगळे मिळून सांगतात."

"काय सांगतात?"

"'अजून नाही.'"

 

त्या सहा जणांना पुरून कितीतरी वर्षं झाली. त्यांच्या थडग्यांवरचं गवत मी माझ्या हाताने काढलंय.

त्याच्या बहिणीचा मला अधूनमधून फोन येतो. आवाज खूप खोल गेलाय. दर वेळी एकच विचारते.

"दादा नीट पोचला ना गं?"

मी हो म्हणते.