कोशातला जांभळा ठिपका

मालनची आणि त्याची पहिली भेट झाली, तेव्हा तो दिसलाच नाही. दिसला तो पेन्सिलीचा एक ठिपका.

बहात्तरच्या दुष्काळातली दिवाळीआधीची दुपार. तेलगावच्या विहिरी कोरड्या पडलेल्या, अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं. सोसायटीच्या गोदामाला लागून वाचनालयाची खोली होती. सुंदरराव गुरुजी चैत्रात वारले, तेव्हापासून तिची किल्ली सातवी शिकलेल्या मालनच्या कमरेला असे. वाचायला कुणी येत नसे. तीच झाडून घेई आणि गुरुजींचा पुठ्ठा गेलेला शब्दकोश उघडून बसे.

त्या कोशावर गुरुजी मुलांना एक खेळ शिकवत. दोन अक्षरं घ्यायची आणि ती ज्या ज्या शब्दांत लपली असतील, ते सगळे हुडकायचे. सापडला की गुरुजी जांभळी पेन्सिल जिभेला लावून शब्दापाशी ठिपका देत. ती पेन्सिल त्यांच्या खिशात तशीच राहिली आणि त्यांच्याबरोबरच चितेवर गेली.

त्या दुपारी 'वळचण' या शब्दापाशी काळा ठिपका होता. काल नव्हता.

'वळचण : छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग, वाटसरूने आडोशाला उभे राहण्याची जागा.'

खोलीला तर कुलूप होतं… मालन मागच्या वळचणीखाली गेली. तिथं पाण्याची घागर. गावात तांब्याभर पाण्यावरून भांडणं होत होती, आणि ही काठोकाठ!

दुसऱ्या दिवशी ठिपका 'सावळा'पाशी : 'किंचित काळसर, सायंकाळच्या छायेसारखा. कौतुकाने म्हणतात.' मालननं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी 'बावळट' : 'समोर असलेले ज्याला दिसत नाही असा.' तिला हसू आलं आणि अंगावर काटाही. सगळ्या शब्दांत तीच दोन अक्षरं, 'वळ'. पण हा खेळ शिकवणारं माणूस तर जगात नव्हतं.

शनिवारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघणार होता. आईबापाबरोबर मालनही सहा महिने चालली होती. जे कुणी असेल, ते त्याआधी दिसायला हवं. तिनं काळ्या पेन्सिलीनं उत्तर दिलं, 'मावळणे'पाशी : 'दिसेनासे होणे.'

शुक्रवारी ती कपाटाआड दबा धरून बसली. भर बाराची वेळ. पत्रे कडकडत होते. भिंतीत काहीतरी खरवडलं… एक फळी सरकली, आणि भिंतीतून पांढरा हात बाहेर आला.

"गुरुजी!" मालन किंचाळली.

"ओरडू नगं! मी हाय, शहादेव."

गोदामाचा मापाडी, गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. अंगभर धुळीनं पांढरा झालेला.

"दार सोडून भिंतीतून कावून?"

"पोत्यांच्या थप्पीमागं ही खिडकी दडलेली. यंदा धान्यच न्हाई, भिंत उघडी पडली."

"ते कळलं. दार काय वाईट होतं?"

"दारात तू असतीस. तुझ्यापुढं माझी जीभ टाळूला चिकटती."

"म्हणून भूत झालास व्हय?"

"भुताला कुणी हाकलत न्हाई, मालन."

"आन् ते पाणी?"

"टँकरवरचं. माझ्या वाटणीचं."

"मग तू काय पीत होतास?"

शहादेव धुळीचे हात सदऱ्याला पुसू लागला.

"उद्या आमी चाललो," ती हळूच म्हणाली.

"ठावं हाय. मुकादमाकडं गेलतो. म्हणला, एकट्याला घेत न्हाई. कोयता म्हंजे नवराबायकोची जोडी." त्यानं खाली पाहिलं. "बोलणारच नव्हतो. पण सकाळी तुझा ठिपका बघितला आन् धीर आला. 'जवळ'पाशी दिलास की तू."

"मी? मी 'मावळणे'पाशी दिला."

"तो कालच बघितला. हा आजचा…"

दोघांनी पान उघडलं. 'जवळ : हाक न मारता ऐकू जाईल इतक्या अंतरावर.' शेजारी ठिपका होता. जांभळा. मालननं बोट लावलं, तर बोट जांभळं झालं. पिळलेलं लुगडं क्षणात वाळावं असल्या उन्हात तो ठिपका ओला होता.

गुरुजींची खुर्ची रिकामीच होती. किंचित मागं सरकलेली.

मालननं आपलं जांभळं बोट शहादेवच्या धुळकट मनगटावर टेकवलं.

"दिवस मावळायच्या आत घरी ये. आबाला विचार. मंग मुकादमाला सांग, जोडी हाय म्हणून."

"आबा न्हाई म्हणले तर?"

"मी व्हय म्हणंन की!"

दोघं दारानंच बाहेर पडली. मालन कुलूप लावत होती, तेव्हा आत पान उलटल्याचा आवाज झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागं कुणी पाहिलं नाही.

किल्ली मात्र मालननं कुलपातच राहू दिली.